बायबलमधली ठिकाणं बघायला जाताय? आधी पाणी शोधा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून थोडक्यात परत मांडतो. आई ६८ वर्षांच्या, नगरकडच्या, गुडघे दुखतात पण यरुशलेमला जायची इच्छा लहानपणापासूनची. एजंटने १० दिवसांत ३४ ठिकाणांची लिस्ट हातात दिलीय. आणि घरात वाद चाललाय, मामा म्हणतात ही सगळी चर्चं नंतर बांधलेली, खरी जागा एकही नाही, आई म्हणते मला पुरावे नकोत, मला फक्त तिथे जाऊन उभं राहायचंय. तुम्ही विचारलंय की कोणती ठिकाणं ठेवू, कोणती गाळू आणि या दोघांना काय सांगू.

मी २००६ पासून महाराष्ट्रातून छोटे ग्रुप घेऊन तिकडे जातोय, बहुतेक वेळा १२ ते १५ माणसं, त्यात निम्मी तरी साठीच्या पुढची. त्याआधी एका उन्हाळ्यात तिकडच्या एका उत्खननावर व्हॉलंटियर म्हणून राबलोय, पहाटे चारला उठायचं, उजाडायच्या आत टेकाडावर, उन्हं चढली की खाली येऊन खापरं धूत बसायचं. त्यामुळे भक्तांची बाजूही जवळून बघितलीय आणि खणणाऱ्यांचीही.

मामांचं अर्धं बरोबर आहे. तुम्ही ज्या ज्या चर्चमध्ये जाल ते चौथ्या शतकातलं किंवा त्यानंतरचंच असणार, कारण त्याआधी रोमन राज्यात ख्रिस्ती लोकांना उघडपणे मोठी देवळं बांधणं अवघडच होतं. कॉन्स्टंटाइन बादशहा आला आणि मग बांधकामं सुरू झाली. ती पण पुढे पडली, पाडली गेली, परत बांधली. पण चर्च नंतरचं म्हणून जागा खोटी असं होत नाही, आणि माझ्या अनुभवात हे समजून घ्यायचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे पाणी. तो सगळा चुनखडीचा डोंगराळ मुलूख, पाऊस फक्त हिवाळ्यात, यरुशलेमला वर्षाला साधारण साडेपाचशे मिलीमीटर म्हणजे तुमच्या नगरसारखाच, आणि उन्हाळ्याचे पाच-सहा महिने आभाळ कोरडं. अशा ठिकाणी गाव बसतं ते झऱ्याजवळच. राजे बदलतात, धर्म बदलतो, वेस सरकते, पण झरा आहे तिथेच राहतो. आपल्याकडे नाही का, वस्ती चार वेळा उठून इकडे तिकडे बसते पण गावाचा जुना आड तिथल्या तिथे. म्हणून मी टूर आखतो ती पाण्याच्या हिशोबाने, आणि ज्यांना पुरावा हवाय ते आणि ज्यांना प्रार्थना करायचीय ते, दोघंही अशा ठिकाणी सारखेच गप्प होतात हे मी दरवेळी बघतो.

सुरुवात गीहोनच्या झऱ्यापासून करा. यरुशलेमच्या आजच्या तटबंदीच्या बाहेर, दक्षिणेला उतारावर जो भाग आहे तेच मूळ जुनं शहर, दावीदनगर म्हणतात ते. नवीन माणसाला हे पटत नाही, त्याला वाटतं तटाच्या आत ते जुनं. पण आजचा तट ऑटोमन सुलतान सुलेमानचा, सोळाव्या शतकातला. खरं मूळ गाव खाली, कारण पाणी खाली. शलमोनाला राजा म्हणून अभिषेक याच गीहोनपाशी झाला असं बायबलातल्या १ राजे या पुस्तकात लिहिलंय.

आता गोष्ट अशी की इ.स.पू. ७०१ ला अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर, म्हणजे यरुशलेमभोवतीच्या राज्यावर, चालून आला. त्याची स्वारी यायच्या आधी हिज्कीया राजाने विचार केला की झरा तर तटाच्या बाहेरच्या अंगाला, शत्रूने तो धरला की आपण तहानेने मेलो. म्हणून त्याने खडकातून बोगदा खोदून पाणी शहराच्या आत वळवलं. २ राजे २०:२० मध्ये एका ओळीत हे येतं, बायबल वाचताना ती ओळ डोळ्याखालून निघून जाते. पण तो बोगदा आजही आहे, त्यातून आजही पाणी वाहतं आणि तुम्ही त्यातून चालत जाऊ शकता. लांबी ५३३ मीटर, आणि एवढ्या अंतरात उतार किती तर फक्त फूटभर. दोन टोकांकडून दोन टोळ्या खोदत आल्या आणि मध्ये भेटल्या, कंपास नाही काही नाही.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हेच डोक्यात होतं की हे भेटले कसे. आत शिरल्या शिरल्या पाणी एकदम मांडीपर्यंत येतं, थंडगार, मग पुढे घोट्यापर्यंत उतरतं. रुंदी एवढीच की खांदे दोन्ही बाजूंना घासतात, उंच माणसाला मान वाकवावी लागते. टॉर्च भिंतीवर तिरका धरा, सरळ नको, तिरका धरला की टिकावाचे घाव दिसतात. एका दिशेने पडलेले घाव बघत बघत तुम्ही चालता आणि अर्ध्या वाटेच्या सुमाराला बोगदा अचानक वेडावाकडा होतो, डावीकडे थोडं खोदून सोडलेलं, उजवीकडे थोडं खोदून सोडलेलं, म्हणजे पलीकडचा आवाज ऐकून ते चाचपडत होते, आणि मग एका ठिकाणी घावांची दिशाच उलटी होते. तिथे ते भेटले. मी प्रत्येक ग्रुपला तिथे थांबवून टॉर्च बंद करायला सांगतो, एक मिनिट, फक्त पाण्याचा आवाज. सत्तावीसशे वर्षांपूर्वी तिथे दगडाच्या दोन्ही बाजूंना माणसं एकमेकांना हाका मारत होती.

हे मी मनाने सांगत नाहीये. १८८० साली पाण्यात खेळणाऱ्या पोरांना बोगद्याच्या शेवटाजवळ भिंतीवर कोरलेला जुना हिब्रू लेख सापडला. त्यात हेच लिहिलंय की तीन हात खडक उरला होता तेव्हा एकमेकांना हाक मारणाऱ्या माणसांचा आवाज ऐकू आला, आणि मग पाणी झऱ्यापासून तळ्यापर्यंत १२०० हात वाहिलं. हात म्हणजे आपलाच हात, कोपरापासून बोटांपर्यंत, आपल्याकडे विहिरीची खोली अजून जुनी माणसं हातातच सांगतात. ५३३ मीटर भागिले १२०० करून बघा, बरोबर एक हात येतो. तो लेख पुढे कोणीतरी भिंतीतून फोडून काढला, तुकडे झाले, आता तो इस्तंबूलच्या म्युझियममध्ये आहे कारण तेव्हा तिथे ऑटोमन राज्य होतं. आणि विशेष म्हणजे त्या लेखात राजाचं नाव नाही. फक्त खोदणाऱ्यांची गोष्ट आहे.

दुसरी बाजू पण आहे. सन्हेरीबने स्वतःचा वृत्तांत मातीच्या सहा बाजूंच्या खांबावर लिहून ठेवलाय, त्यात तो म्हणतो की हिज्कीयाला मी पिंजऱ्यातल्या पाखरासारखा यरुशलेमात कोंडला. कोंडला म्हणतो, शहर घेतलं असं म्हणत नाही. लाखीश नावाचं शहर मात्र त्याने घेतलं, त्याच्या वेढ्याची चित्रं त्याच्या महालाच्या भिंतींवर होती ती आता लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मामांना हे जरूर सांगा. बायबल, शत्रूचा वृत्तांत, खोदणाऱ्यांचा लेख आणि स्वतः बोगदा, चार बाजूंनी एकच गोष्ट येते, असं इतिहासात फार कमी वेळा मिळतं.

बोगदा जिथे संपतो तिथे एक छोटं तळं आहे, खांबांचे तुकडे पडलेत. शेकडो वर्षं लोक यालाच सिलोअमचं तळं मानायचे (मराठी बायबलात शिलोह), जिथे येशूने जन्मांध माणसाला डोळे धुवायला पाठवलं, योहान ९. पण हे तळं बायझंटाइन काळातलं, पाचव्या शतकातल्या चर्चच्या बरोबरचं. मग २००४ मध्ये काही पावलांवर सांडपाण्याच्या पाइपचं काम चालू होतं आणि मशीन दगडी पायऱ्यांवर जाऊन लागलं. काम थांबवलं, पुरातत्त्ववाले आले, आणि खालून येशूच्या काळातल्या मोठ्या तळ्याच्या पायऱ्या निघाल्या, पाच पायऱ्या मग सपाट टप्पा, परत पाच पायऱ्या परत टप्पा, एक बाजू जवळपास ७० मीटर. आपली बारव डोळ्यासमोर आणा, तसंच, पाणी वर चढलं की वरच्या टप्प्यावर उभं राहायचं, खाली गेलं की खालच्या. म्हणजे दीड हजार वर्षं भक्त चुकीच्या तळ्यावर प्रार्थना करत होते असं म्हणायचं का? मी म्हणत नाही. पाणी तेच, उतार तोच, आठवण काही पावलं सरकली होती एवढंच.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. हा सगळा भाग सिलवान म्हणजे पूर्व यरुशलेम, १९६७ पासून इस्रायलच्या ताब्यात, वर पॅलेस्टिनी कुटुंबांची घरं आहेत आणि उत्खननावरून, घरांवरून मोठा वाद आहे. तुमच्या पायाखाली हिज्कीयाचा बोगदा असला तरी डोक्यावर आज कोणाचं तरी स्वयंपाकघर आहे. गल्लीतून जाताना फोटो काढायच्या आधी विचारा, दारात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला नमस्कार करा. मी ग्रुपला दोन्ही बाजू सांगतो, अर्धा तास जातो पण तो वाया जात नाही.

यरुशलेममधलं दुसरं पाणी म्हणजे बेथेस्दा. योहान ५ मध्ये येतं की तिथे पाच पडव्यांचं तळं होतं आणि ३८ वर्षं आजारी असलेला माणूस तिथे पडून होता. जुने टीकाकार म्हणायचे पाच पडव्यांचं तळं कसलं, चौकोनी तळ्याला चार बाजू असतात, हे काहीतरी प्रतीक असेल. एकोणिसाव्या शतकात सेंट अ‍ॅन चर्चच्या आवारात खोदायला सुरुवात झाली आणि हळूहळू दिसलं की तिथे एक नाही दोन तळी होती, शेजारी शेजारी, मध्ये जाड बांध. चार बाजूंना चार आणि मधल्या बांधावर एक, झाल्या पाच. हे मी कठड्यावर उभा राहून हाताने मोजून दाखवतो तेव्हा लोकांच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघण्यासारखं असतं. खाली खूप खोल आहे, वरून रोमन, बायझंटाइन, क्रुसेडर (युरोपातून आलेले ख्रिस्ती धर्मयोद्धे) असे थर एकमेकांवर चढलेले दिसतात, नवख्याला गोंधळ वाटतो, म्हणून गाइडला सांगा की आधी फक्त मधला बांध दाखव, बाकी मग.

आणि तिथून लगेच निघू नका, सेंट अ‍ॅन चर्चमध्ये जा. बाराव्या शतकातलं क्रुसेडरांचं, मग सलाहुद्दीनने तिथे मदरसा केला त्याचा अरबी लेख अजून दारावर आहे, मग १८५६ ला सुलतानाने फ्रान्सला दिलं. आत आवाज असा घुमतो की चार माणसांनी गायलं तर चाळीस गातायत असं वाटतं. जगभरचे ग्रुप तिथे आपापल्या भाषेत एकेक गाणं म्हणतात. आमच्या ग्रुपमधल्या एका आजींनी पेटी-तबल्याशिवाय एक मराठी भजन म्हटलं होतं, शेवटचा स्वर संपल्यावरही काही क्षण वर घुमत राहिला आणि मागे रांगेत थांबलेल्या कोरियन बायका रडत होत्या. आईंना गाता येत असेल तर तयारी करून न्या.

आता आठवण किती जुनी हे कसं कळतं? इ.स. ३३३ मध्ये फ्रान्सच्या बोर्दो शहराकडून एक यात्रेकरू निघाला, त्याचं नाव कोणाला माहीत नाही पण त्याने वाटेतले मुक्काम लिहून ठेवले. त्याच्या टिपणात पाच पडव्यांचं जोडतळं आहे, सिलोअम आहे, यरीहोचा अलीशा संदेष्ट्याचा झरा आहे, याकोबाची विहीर आहे. तेव्हा मोठी चर्चं नुकती कुठे उभी राहत होती, काही ठिकाणी तर नव्हतीच, म्हणजे चर्च बांधलं म्हणून लोक जायला लागले असं नाही, लोक आधीपासून त्या जागा सांगत होते. मी कुठल्याही ठिकाणी हेच बघतो, जमिनीत काय निघालं, आठवण किती मागे जाते आणि भूगोल जुळतो का. तीनही जुळलं तर उत्तम. एकच जुळत असेल तर ग्रुपला तसं स्पष्ट सांगायचं.

याकोबाची विहीर नाब्लुसला आहे, ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चच्या तळघरात, खोली ३० मीटरच्या वर. योहान ४ मधली शोमरोनी बाई येशूला म्हणते की विहीर खोल आहे आणि तुमच्याकडे पोहरा नाही. तिथे थोडं पाणी ओतलं तर खाली पोचून आवाज यायला वेळ लागतो, तेव्हा ती बाई काय म्हणत होती ते कळतं. पण नाब्लुसचा रस्ता कधी चालू कधी बंद, चेकपोस्टवर तासन्‌तास जाऊ शकतात, आईंना घेऊन मी यावेळी ते ठेवणार नाही.

यरीहो मात्र ठेवा. समुद्रसपाटीच्या अडीचशे मीटर खाली, सगळं वैराण आणि मध्येच हिरवंगार, कारण झरा. अलीशाने मीठ टाकून पाणी गोड केलं तो हाच झरा मानतात, २ राजे २. त्याच्या शेजारचं टेकाड म्हणजे तेल एस-सुलतान. तेल म्हणजे काय तर आपलं पांढरीचं टेकाड, नेवाशाला वगैरे बघितलं असेल, माणसं राहिली, घरं पडली, त्यावर परत घरं, असं चढत चढत झालेलं. तिथे दगडी बुरूज आहे साडेआठ मीटर उंच, आत २२ पायऱ्या, आणि तो इ.स.पू. ८००० च्या सुमाराचा. अब्राहामाच्याही हजारो वर्षं आधीचा. १९५२ ते ५८ मध्ये कॅथलीन केन्यन या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ बाईंनी तिथे खोदलं आणि त्यांचं म्हणणं असं पडलं की शहराचा तट पडला, शहर जळलं हे खरं पण ते इ.स.पू. १५५० च्या सुमाराला, म्हणजे बायबलात ज्याच्यापुढे यरीहोचा तट पडला त्या यहोशवाचा जो काळ सहसा धरतात त्याच्या बराच आधी, आणि त्याच्या काळातला मोठा तट तिथे सापडत नाही. हे मी भाविक ग्रुपलाही लपवत नाही. पहिल्या काही वर्षांत मी हे गाळायचो, लोक नाराज होतील म्हणून. मग एकदा एका निवृत्त पाळकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आमच्या श्रद्धेला तू इतकी नाजूक समजू नकोस. तेव्हापासून जे आहे ते सांगतो.

खापरांचं पण थोडं सांगतो कारण मामा विचारतील की काळ ठरवतात कसा. उत्खननावर दुपारी आम्ही बादलीभर खापरं ब्रशने धुवायचो, मग वाळवून टेबलावर मांडायची आणि तिथल्या खापरांच्या जाणकार बाई यायच्या त्या कड बघून सांगायच्या, मडक्याचा काठ, बूड आणि कान हे बघतात, पोटाचा तुकडा फारसा उपयोगाचा नाही. काठाचा बाक जरा वेगळा असला की शतक बदलतं. कुंभाराची फॅशन बदलते तशी. माझ्या हातात एकदा एक कान आला, त्यावर ओल्या मातीत दाबलेलं अंगठ्याचं ठसठशीत चिन्ह, रेषांसकट. बाई म्हणाल्या लोहयुगातलं. मी माझा अंगठा त्यात ठेवून बघितला आणि तो बसला. त्या दिवसापासून मला हे काम सोडवत नाही.

उत्तरेला मगिद्दो. वीसहून जास्त थरांचं टेकाड, व्यापारी रस्त्याच्या खिंडीवर, म्हणून सतत लढाया, बायबलातल्या शेवटच्या लढाईचं ठिकाण, हर्मगिदोन, हा शब्द इथूनच आला. १९१८ ला इथल्याच मैदानातून ब्रिटिशांच्या बाजूने भारतीय घोडदळ पुढे गेलं आणि २३ सप्टेंबरला जोधपूर-म्हैसूरच्या भालेवाल्यांनी हैफा घेतलं. शलमोनाचे दरवाजे म्हणून जे दाखवतात त्यावर अभ्यासकांचं भांडण आहे, कोणी दहावं शतक म्हणतं कोणी नववं, त्यात तुम्ही अडकू नका. तुम्ही पाण्याचा बोगदा बघा, उभी विहीर खोदून मग आडवा बोगदा काढून तटाबाहेरच्या झऱ्यापर्यंत नेलेला. पण जवळजवळ १८० पायऱ्या उतरायच्या आहेत आणि बाहेर निघतो ते टेकाडाच्या दुसऱ्या बाजूला रस्त्यावर, तर गाडी आधीच तिकडे पाठवून ठेवायची. हे न सांगितल्यामुळे मी एकदा दुपारी एक वाजता १४ माणसांना उन्हातून चालवलंय. आईंना वर सावलीत बसवा.

गालीलच्या सरोवरावर दोन दिवस द्या, एक रात्र तरी काठावरच काढा. १९८६ ला मोठा दुष्काळ पडला, पाणी खूप मागे हटलं आणि गिनोसार गावच्या दोन कोळी भावांना चिखलात होडीची कड दिसली. साधारण ८ मीटर लांब, दोन-सव्वादोन मीटर रुंद, येशूच्या काळच्या आसपासची. ती चिखलातून काढताना मोडू नये म्हणून फोमने लपेटून चक्क तरंगत नेली, मग कितीतरी वर्षं रसायनाच्या हौदात ठेवली. ती येशूची होडी नाही, असं कोणी म्हणत असेल तर ऐकू नका. पण जवळ जाऊन बघा, १०-१२ जातींचं लाकूड, ठिगळावर ठिगळ, जुन्या होडीची फळी काढून इथे ठोकलेली. गरीब माणसाची होडी आहे ती. येशूचे कोळी शिष्य पेत्र आणि अंद्रिया कसे जगत असतील हे मला कुठल्याही चर्चपेक्षा त्या ठिगळांत जास्त दिसतं.

कफर्णहूम तिथून जवळ. घरं काळ्या बसाल्टची, आपल्या सह्याद्रीसारखाच दगड, आईंना एकदम घरचं वाटेल. त्यात पांढऱ्या चुनखडीचं सभास्थान उठून दिसतं, ते चौथ्या-पाचव्या शतकातलं, येशूच्या वेळचं नाही, पण त्याच्या खाली काळ्या दगडाचा थर दिसतो तो बघा. समोर पेत्राचं घर म्हणतात ते, साधं अंगण आणि खोल्या, त्यातल्या एका खोलीला फार लवकर गिलावा केलेला आणि लोकांनी भिंतीवर प्रार्थना खरडलेल्या, मग पाचव्या शतकात त्यावर अष्टकोनी चर्च. कोणाचं तरी राहतं घर लोकांनी इतक्या लवकर जपायला घेतलं, यावर मामांनी जरा विचार करावा. मगदला पण जवळच, तिथे २००९ मध्ये पहिल्या शतकातलं सभास्थान निघालं, वेळ असेल तर अर्धा तास.

यार्देन नदीबद्दल मनाची तयारी करा. खूप लोक बाप्तिस्म्याच्या जागी पोचतात आणि त्यांचा चेहरा पडतो, कारण नदी म्हणजे ओढ्याएवढी, गढूळ, पलीकडे जॉर्डन देश दगड मारण्याच्या अंतरावर. वरचं पाणी सगळं वळवलं गेलंय, इस्रायल, जॉर्डन, सीरिया तिघांनीही. सरोवराच्या तोंडाशी यार्देनित आहे तिथे पाणी स्वच्छ, कपडे बदलायला सोय, पण ती सोय १९८१ ची. आठवण जुनी ती खाली यरीहोजवळची, पश्चिमेला कसर अल-यहूद, पूर्वेला अल-मगतस. मी ग्रुपला खालीच नेतो. मात्र आखलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकायचं नाही, त्या भागात १९६७ नंतर पेरलेले सुरुंग होते. जॉर्डनमध्ये मदाबाला सहाव्या शतकातला मोझेइकचा नकाशा आहे, त्यात यार्देनमधला एक मासा मृत समुद्राकडून उलटा फिरून वर पळताना दाखवलाय. पण जॉर्डनला तीन दिवस वेगळे लागतात, दहात कोंबू नका.

येशूची कबर जिथे मानतात ते पवित्र कबरेचं चर्च राहिलं. आईंसाठी तेच सगळ्यात मोठं असणार म्हणून नीट सांगतो. बांधकाम कॉन्स्टंटाइनचं, ३३५ ला अर्पण झालं, १००९ ला हाकिम खलिफाने पाडलं, आज दिसतं ते बरंचसं क्रुसेडरांचं. सहा पंथांचे लोक वाटून घेऊन उपासना करतात, आणि दाराची किल्ली दोन मुसलमान घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या. लोक विचारतात शहराच्या मधोमध कबर कशी. तर कबरेच्या मागच्या बाजूला सिरियन पंथाचं काळवंडलेलं छोटं चॅपल आहे, तिथे वाकून आत बघा, खडकात खणलेली भुयारासारखी कबरस्तानं आहेत, पहिल्या शतकातली. ज्यू लोक तटाच्या आत पुरत नसत, म्हणजे त्या काळी ही जागा गावाबाहेरच होती. नेमकी हीच कबर का, ते कोणी सिद्ध करू शकत नाही, पण दुसऱ्या कुठल्याही जागेचा दावा याच्या जवळपास येत नाही. गार्डन टूम्ब, म्हणजे येशूची कबर म्हणून दाखवतात ती दुसरी जागा, शांत आहे, प्रार्थनेला छान आहे, मी नेतोही, पण तिथली कबर येशूच्या सात-आठशे वर्षं आधीच्या धाटणीची आहे असं तज्ज्ञ म्हणतात. पवित्र कबरेला पहाटे पाचला जा. दहा वाजता गेलात तर आईंना दोन तास रांगेत उभं राहावं लागेल आणि आत दहा सेकंद मिळतील.

मग गाळायचं काय? ३४ मधली २० सहज जातील. एकाच डोंगरावरची सहा चर्चं, काना गावची वाइनची दुकानं, हिऱ्यांचा कारखाना (एजंटला तिथे कमिशन असतं), मसादा (मृत समुद्राकाठचा डोंगरी किल्ला) पण मी यावेळी सोडेन. ठेवा यरुशलेमला चार दिवस, बेथलेहेम अर्धा, यरीहो आणि नदी मिळून एक, गालीलला दोन, मगिद्दो जाता जाता. एक दिवस पूर्ण रिकामा, आईंचे गुडघे सांगतील तसं. बेथलेहेम आणि यरीहो पॅलेस्टिनी प्रशासनाकडे आहेत, इस्रायली गाइड सहसा तिथे येत नाही, तिथला पॅलेस्टिनी ख्रिस्ती गाइड आधीच ठरवा, त्यांची पोटं यात्रेकरूंवरच आहेत. बेथलेहेमच्या चर्चचं दार सव्वा मीटरच उंच आहे, आईंना सावकाश वाकायला सांगा. शुक्रवार दुपारपासून शनिवार संध्याकाळपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, बहुतेक शहरांत बस नाही, दुकानं बंद, तो दिवस गालीलच्या काठावर धरा. यरुशलेमच्या गल्लीतले दगड पायांनी घासून काचेसारखे झालेत, रबरी सोलचे बूट घ्या, काठी घ्या.

युद्धाचं विचाराल तर परराष्ट्र मंत्रालयाची सूचना बघितल्याशिवाय बुकिंगचे पैसे भरू नका, आणि इन्शुरन्समध्ये युद्धामुळे ट्रिप रद्द झाली तर काय मिळतं ते लेखी विचारा, बहुतेक पॉलिसीत ते वगळलेलं असतं. व्हिसाचं दूतावासाकडूनच बघा.

एक छोटी गोष्ट. बैर-शेबा, दिमोना, अश्दोद इकडे आपले बेने इस्रायली ज्यू लोक राहतात, कोकणातून गेलेले. बैर-शेबाच्या बाजारात मी कोथिंबीर निवडत होतो तर मागून आवाज आला, "ती घेऊ नको रे, शिळी आहे." अलिबागकडच्या होत्या, साठच्या दशकात गेलेल्या. घरी नेऊन मलिदा खायला घातला, पोहे, खोबरं, गूळ. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर एक खूण आहे, एलियाहू हानबीचा टापा म्हणतात, एलीया संदेष्ट्याचा रथ तिथून वर गेला अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. आई जायच्या आधी तुम्ही तिघं एखाद्या रविवारी तिथे जाऊन या, मामांनाही न्या.

आणि बोगद्याचं असं करा. आईंना पाण्यातून नेऊ नका, गुडघ्यांना झेपणार नाही. तळ्याच्या बाजूला खोदकाम चालू असतं, त्यामुळे आदल्या दिवशी विचारून ठेवा की पायऱ्या उघड्या आहेत का. असतील तर आईंना गाडीने खाली सोडा, छत्री आणि मराठी बायबल सोबत द्या, सोबतीला एक माणूस. तुम्ही आणि मामा वरून गीहोनपाशी पाण्यात उतरा. पाऊण तासाने अंधारातून बाहेर याल तेव्हा आई पायरीवर बसलेल्या असतील. योहान ९ त्यांनाच वाचू द्या.